माझ्या मित्राजवळ थांबलेल्या सगळ्यांचे आभार

मित्राचं नाव लिहीत नाही, तुमचीही नाही, पण त्या रात्री इंदूरमध्ये धावून आलात त्या सगळ्यांचे मनापासून आभार. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन उचललेल्या ताई, तुम्ही म्हणालात जीव द्यायचा विचार येतोय का असं सरळ विचारा, विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही, आणि खरंच, विचारल्यावर माझा मित्र कितीतरी वेळाने रडला आणि बोलायला लागला. रामबागेतल्या काकू, एकही प्रश्न न विचारता साबुदाण्याची खिचडी ठेवून गेलात, वर शेव भुरभुरलेली, त्याने दोन घास खाल्ले हो! सकाळी ओपीडीच्या रांगेत सोबत थांबलेले रिक्षावाले भैया, तुम्ही भाडंसुद्धा घेतलं नाहीत. आता औषधं चालू आहेत, आम्ही आळीपाळीने त्याच्याकडे झोपायला जातो. तो १४४१६ नंबर २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात, सेव्ह करून ठेवा.