बाळ्यास पत्र, देवबागच्या वाऱ्याविषयी

हेग, २४ मे

प्रिय बाळ्या,

तुझे व्हॉइस मेसेज मिळाले. सगळ्यांचा सूर एकच: देवबागला काइटसर्फिंगची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावायच्या खेळाची शाळा काढली तर चालेल की नाही, एका वाक्यात सांग. एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर स्पेनमधल्या तारिफाहूनच सांगितलं असतं. म्हणून पत्र. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाच.

लंब्या तुला फोनवर दिसला होता. ऑफिसातला माझा सहकारी, दारातून आत येताना मान झुकवणारा. त्याचं खरं नाव माझ्या आईला झेपेना, म्हणून घरात तो लंब्या. त्याला वाटतं ही काहीतरी पदवी आहे. या वसंतात त्याने हौशी गटाच्या दोन खुल्या स्पर्धांत नाव घातलं होतं, एक दक्षिण फ्रान्समध्ये आणि एक स्पेनच्या अगदी टोकाला. मला म्हणाला, कॅडी म्हणून चल. कॅडीचं काम म्हणजे पंपाने पतंग फुगवायचे, दोऱ्या सोडवायच्या, हीट म्हणजे स्पर्धेची फेरी चालू असताना एखादा पतंग फाटला की दुसरा घेऊन वाळूतून धावायचं. थोडक्यात हमाली. साठवलेली सगळी रजा टाकली आणि गेलो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वाऱ्यार पैसे कित्याक उडवतस?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पेट्रोलचा आणि टोलचा हिशेब मीही मांडलेला होता.

व्हॅन म्हणजे जुनी फियाट डुकाटो. मागे पलंग, पलंगाखाली बोर्ड आणि सात, नऊ, बारा चौरस मीटरचे पतंग, बाजूला दोन शेगड्या. फ्रान्समध्ये टोल गाडीच्या उंचीवर ठरतो, दोन मीटरच्या वर गेलात की वरचा वर्ग. आमची अर्थातच वर. त्यामुळे पॅरिस ओलांडल्यावर मधल्या ए-७५ रस्त्याने गेलो. तो मियोचा पूल सोडला तर फुकट आहे. हा पूल मात्र पैसे देऊन बघावा असा. जवळपास अडीच किलोमीटर लांब, त्याचा सगळ्यात उंच खांब २४५ मीटरचा, आणि गाड्या वाऱ्याने ढकलल्या जाऊ नयेत म्हणून दोन्ही कडेला तीन मीटर उंच पारदर्शक भिंती. लंब्या म्हणाला, इथून पुढे हे कशासाठी ते कळेल.

कळलं. पहिल्या स्पर्धेच्या गावी, ल्यूकातला पोचलो त्या रात्री ट्रामोंतान सुटला. पिरेनिज आणि मधलं फ्रेंच पठार यांच्या खिंडीतून थंड हवा दाबून बाहेर पडते आणि भूमध्य समुद्रावर कोसळते, तो हा वारा. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय? दिशेने बघितलं तर हा मतलईच, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. पण आपला मतलई पहाटे होडी हळूच बाहेर नेतो, हा दिवसचे दिवस थांबत नाही. लंब्याने व्हॅन नाक वाऱ्याकडे करून लावली आणि मला बजावलं की मागचं दार उघडायचंच नाही, बिजागऱ्यांसकट उखडून जातं. रात्रभर गाडी उतारूंनी भरलेल्या लाल डब्यासारखी हलत होती. झोप कसली. पण सकाळी बाहेर बघतो तर किनाऱ्याजवळचं पाणी सपाट! वारा मागून येतो ना, लाट उठायला जागाच नाही. म्हणूनच काइटवाल्यांना हा किनारा आवडतो, आणि म्हणूनच तो धोक्याचाही आहे. दोरी तुटली किंवा पतंग पडला तर माणूस थेट समुद्रात. स्पर्धा असो नसो, पाण्यावर इंजिनची बोट असल्याशिवाय कोणी उतरत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेव, पुढे लागणार आहे.

या गावात १९९७ पासून मोंदियाल द्यु व्हाँ नावाचा वाऱ्याचा मोठा सोहळा भरतो. शेजारच्या बारकारेसला लॉर्ड्स ऑफ ट्राम नावाची उंच उड्यांची स्पर्धा होते, तिची तारीखच नक्की नसते. काही आठवड्यांची मुदत जाहीर करतात, वारा पुरेसा दिसला की खेळाडूंना बोलावतात. लंब्याची स्पर्धा असली नामांकित नव्हती, पण रीत तीच. सकाळी सगळे जमतात, आयोजक आकाशाकडे आणि फोनकडे बघतो आणि म्हणतो, दोन तास थांबा. दोन तासांनी पुन्हा तेच. तुला सांगतो, या खेळात निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. पोरं वाळूत पत्ते खेळतात, वेटसूट शिवतात, शेजारच्या व्हॅनमध्ये कॉफी मागायला जातात. मी एकदा मालवणी मसाला घालून मटकीची उसळ केली, तर दोन जर्मन आणि एक पोलिश मुलगी ताटल्या घेऊन हजर. आगळाची सोलकढी मात्र त्यांना झेपली नाही, रंग बघून हरखले, पण एका घोटात थांबले.

मग एकदम हिरवा झेंडा. चौघे पाण्यात, मोजकी मिनिटं, शेवटच्या मिनिटाला पिवळा, मग लाल. मी लंब्याचा नऊचा पतंग उचलून धरला होता. चाळीस नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे पंचाहत्तर किलोमीटरच्या झोतात नऊ मीटर म्हणजे वेडेपणा, म्हणून ऐनवेळी सातचा लावला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तेव्हा इथे दोन चौरस मीटरचा फरकही जिवाशी असतो. त्याने जे केलं त्याला मेगालूप म्हणतात. लाटेवरून उडी घेतो, चांगला तीन मजले वर जातो, आणि वर असतानाच बारची, म्हणजे हातातल्या दांड्याची एक बाजू खेचतो. पतंग सरळ खाली झेपावतो, त्याच्याही खाली जाऊन पूर्ण गोल फिरतो. त्या क्षणी माणूस आडवा होऊन वाऱ्याच्या दिशेने फेकला जातो. मग दोऱ्या सैल पडतात, पोटात गोळा येतो, बघणाऱ्याच्या. पतंग पुन्हा डोक्यावर येऊन ताण धरतो तेव्हा कुठे तो अलगद पाण्यावर टेकतो. दुसऱ्या फेरीत लंब्या बाहेर पडला. फारसं वाईट वाटून न घेता म्हणाला, आता तरी कालवं खायला जाऊ.

हो, कालवं! ल्यूकातच्या खाडीच्या तोंडाशी कालवं वाढवणाऱ्यांच्या टपऱ्यांची रांग आहे. तिथेच फोडून देतात, कच्ची, लिंबू पिळून. तुझ्या आईने कांदा-खोबरं घालून केलेल्या सुक्याची आठवण आली आणि पहिलं कालव गिळायला जरा हिंमत लागली. दुसऱ्याला लागली नाही.

ल्यूकातहून तारिफा पुन्हा तेवढाच लांब, किनाऱ्याकिनाऱ्याने स्पेनभर खाली. तिथले बरेच टोलचे रस्ते आता फुकट झाले आहेत, देवाची कृपा. तारिफा म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक. समोर आफ्रिका, मध्ये फक्त चौदा किलोमीटरची सामुद्रधुनी. त्या फटीतून दोनच वारे वाहतात. पूर्वेचा लेव्हान्ते, कोरडा, झोतांचा, डोकं फिरवणारा. तो सुटला की गावातली माणसं चिडचिडी होतात असं तिथले लोक स्वतःच सांगतात. वालदेव्हाकेरोसच्या टेकाडाची वाळू उडून रस्त्यावर येते आणि यंत्राने उपसावी लागते. आणि पश्चिमेचा पोनियेन्ते, अटलांटिकवरून येणारा, गार, एकसारखा. शाळा चालवणारे शिक्षक पोनियेन्तेची वाट बघतात, कारण तो शिकाऊ माणसाला किनाऱ्याकडेच आणतो.

पार्किंगची तिथे मोठी गंमत. स्पेनमध्ये व्हॅन उभी करून आत झोपणं आणि तळ ठोकणं यांत कायदा फरक करतो. खुर्ची बाहेर काढली, दारावरचं कापडी छप्पर पसरलं की झाला तळ, मग दंड. आमच्या शेजारच्या जोडप्याने संध्याकाळी टेबल मांडून वाईन उघडली आणि पोलीस हजर. आम्ही आत वाकून भात खात होतो, म्हणून वाचलो.

लेव्हान्ते इतका झोडपत होता की इथेही दोन दिवस स्पर्धा अडली. मग मी लंब्याला ओढून बोलोनियाला नेलं. तिथे बाएलो क्लाउदिया नावाच्या रोमन गावाचे अवशेष आहेत, अगदी समुद्राला लागून. आणि अवशेषांत मला काय आवडलं असेल सांग? मासे खारवायची टाकी! दगडी, गोल, माणूस आत उतरेल एवढी. मोठे तूना मासे वसंतात इथून भूमध्य समुद्रात शिरतात, ते पकडून खारवायचे आणि रोमला पाठवायचे. आजही तो मासा इथे तसाच पकडतात, अल्माद्राबा म्हणतात. आपल्या रापणीसारखं ओढायचं नाही, समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह उभा करून माशाला आत शिरू द्यायचं. तुझे आजोबा तिथे तासभर तरी उभे राहिले असते, आणि मूठभर मीठ जास्त पडतं म्हणून टीका केली असती.

आता तुझा मुद्दा. तू म्हणतोस, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, म्हणजे सरकार अनुदान देईल. आला हे खरं, २०२४ ला पहिल्यांदाच, आणि पॅरिसच्या नावाने झालेल्या त्या शर्यती मार्सेला झाल्या. पण तो प्रकार फॉर्म्युला काइट. बोर्डखाली पंखासारखा फॉइल असतो, पूर्ण बोर्ड पाण्यावर उचलला जातो आणि नुसती शर्यत लागते. उड्या नाहीत. तिथेही वारा पडल्यामुळे फेऱ्या पुढे ढकलाव्या लागल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुसला सुवर्ण मिळालं, ज्याच्या देशाला समुद्रच नाही. सिंगापूरच्या मॅक्स मेडरला वयाच्या सतराव्या वर्षी कांस्य. तेव्हा कोकणातलं पोर तिथे जाणारच नाही असं नाही, पण त्या सामानाचा खर्च आपल्या शाळेत बसत नाही. अनुदानाच्या आशेवर कर्ज काढू नकोस.

शाळेचं म्हणशील तर मला ती चालेल असं वाटतं. कारण ऐक. देवबागला दुपारचा वारा वायव्येकडून येतो, किनारा पश्चिमेला तोंड करून. म्हणजे वारा बाजूने आणि थोडा आत, पोनियेन्तेच्या जातीचा. शिकाऊ माणूस समुद्रात वाहून जाणार नाही, उलट वाळूवर येऊन पडेल. वाळूवर सुरुची झाडं आहेत, पतंग त्यांत अडकला की माणसासकट ओढला जाईल, म्हणून झाडांपासून लांब, संगमाच्या बाजूला जागा हवी. तिथे कर्ली नदीचं सपाट पाणी आहे, पहिल्या धड्यांना तेच बरं. पण तिथे तुझ्याच बंधूंच्या पर्यटकांच्या बोटी, बनाना राइड, जेट स्की. वीस-बावीस मीटर लांब दोऱ्या आडव्या आल्या तर बोटवाल्याचा गळा. तारिफात उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची आणि काइटची जागा वेगळी आखून देतात. तुला हे ग्रामपंचायतीत बसून आखावं लागेल, आणि रापणवाल्यांना आधी विचारावं लागेल, नंतर नव्हे.

खरा प्रश्न वाऱ्याचा वेग. बारा मीटरच्या पतंगाने नवख्याला शिकवायला निदान बाराएक नॉट तरी हवेत, तेही रोज दोन-तीन तास. दुपारी छत्री उलटी होते हा तुझा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे हंगाम पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत, त्यातलेही वाऱ्याचे महिने किती हे मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून माझा मावसभाऊ रविवारी येतोय, त्याच्याकडे हातात धरायचा वारामापक पाठवतोय. येत्या जानेवारीपासून रोज एक, तीन आणि पाच वाजता, पाण्याच्या कडेला, हात वर करून एक मिनिट धरायचा आणि वहीत लिहायचं. तू विसरशील, तुझ्या मुलीला सांग, तिचं अक्षरही बरं आहे.

आणि त्याआधी, ऑगस्टात धंदा बंद असताना, स्वतः तमिळनाडूतल्या रामेश्वरला जाऊन शिकून ये. तिथे आपल्या पावसाळ्यातही आणि हिवाळ्यातही वारा असतो आणि शाळा आहेत. पोहण्यात तू आमच्यापेक्षा चांगला आहेसच, पण दोऱ्या हातात आल्यावर काय होतं हे कळल्याशिवाय बँकेत जाऊ नकोस. लंब्या डिसेंबरात यायचं म्हणतोय, राहायला तुझ्याकडेच. त्याच्यासाठी खाट शोधून ठेव, नेहमीची पुरणार नाही.

काकूंना नमस्कार. सुरमईचे भाव काय ते कळव.

तुझाच,
अण्णा