वहिनी, त्या एका उभ्या रेघेसाठी

आदरणीय वहिनी,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं, भाऊजी" म्हणत चहा ठेवायला आत निघून गेल्या असत्या. म्हणून हे चारचौघांत लिहितो.

मृगाचा पाऊस नुकताच पडला होता. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात कृषी केंद्रासमोर बियाण्यासाठी रांग लागली होती. नेमकी त्याच दिवशी मी माझ्या बिलाच्या प्रोग्रामात मालाची जुनी यादी चढवली. यादीतले रकाने उभ्या रेघेने वेगळे केलेले: सोयाबीन|जेएस-335|30 किलो. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्प्लिटला, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या आज्ञेला, ती रेघ दिली आणि मोकळा झालो. पडद्यावर पहिल्या रकान्यात "स", दुसऱ्यात ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला नुसता काना-मात्रा, तिसऱ्यात "य". केंद्राचे शेठ म्हणाले, "काऊन बे, बियाण्याचं पार भरीत केलं ना!"

मला वाटलं फॉन्ट बिघडला. दोन तास फॉन्टच बदलत बसलो (हे तुम्हाला अजून सांगितलेलं नाही).

संध्याकाळी तुमच्या माडीवर आलो. तुमचं पुण्याच्या ऑफिसचं काम चालू होतं. हेडफोन एका कानावरून सरकवून तुम्ही ती एक ओळ पाहिली आणि म्हणालात, "इथं ही रेघ नाही, भाऊजी. 'किंवा' आहे." स्प्लिट साधा मजकूर घेत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन घेतं, म्हणजे शोधायचा नमुना (पॅटर्न), ज्यात काही चिन्हांना खास अर्थ असतो. रेघेच्या डावीकडे काही नाही, उजवीकडेही नाही. म्हणजे 'रिकामं किंवा रिकामं', आणि रिकामं तर दर दोन अक्षरांच्या मधे सापडतंच.

मग तुम्ही जावाचा स्वतःचाच कोड उघडलात. त्यात ही 12 चिन्हं एका ओळीत बसलेली: . $ | ( ) [ { ^ ? * + \ . तोडायचं चिन्ह एकच असेल आणि ते या बारात नसेल, तर स्प्लिट रेग्युलर एक्स्प्रेशनच्या भानगडीत न पडता सरळ तुकडे पाडतं. आजवर माझा स्वल्पविराम चालला तो नशिबाने!

मी लगेच शहाणा झालो. शोधायच्या खिडकीलाही हीच चाळणी लावली: बारांपैकी एखादं चिन्ह दिसलं की रेग्युलर एक्स्प्रेशन, नाहीतर साधा शोध. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत दाखवायला आणलं. तुम्ही टाइप केलं "डीएपी (50 किलो)". माल यादीत असून सापडला नाही, कारण कंस गट पाडण्यात खर्ची पडले आणि शोध सुरू झाला बिनकंसाच्या नावाचा. "2.5" टाकलं तर 245 नंबरचं बिल वर आलं; टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. नुसता उघडा कंस टाकला तेव्हा प्रोग्रामच बंद पडला.

तेव्हा तुम्ही जे बोललात, त्यासाठी खरं तर हे पत्र. "चिन्ह दिसलं म्हणजे माणसाच्या मनात पॅटर्न आहे, असं थोडंच असतं? पोऱ्या कंस टाकतो, कारण यादीत कंस आहे." चिन्ह नसेल तर साध्या शोधाने बिनधास्त काम भागवावं. चिन्ह असेल तर मात्र ते लिहिलं कोणी, हे आधी विचारावं. मजकुराकडे कितीही टक लावून पाहिलं तरी ते उत्तर त्यात नसतं.

चाळणी मी काढून टाकली. काउंटरवर टाइप केलेलं आता जसंच्या तसं शोधलं जातं, त्याला जावाचं साधं 'हा मजकूर त्यात आहे का' बघणारं कंटेन्स पुरतं. यादीच्या रेघेला पॅटर्न.कोट लावलं, म्हणजे ती नुसती रेघच धरली जाते. रेग्युलर एक्स्प्रेशन उरलं ते मी स्वतः लिहिलेल्या एकाच जागी, मोबाइल नंबर तपासायला: पहिला आकडा 6 ते 9, पुढे नऊ आकडे.

आता काउंटरवरचा पोरगा कंस, टिंब, काय वाटेल ते टाकतो. शेठ भरताचं नाव काढत नाहीत. तुरीच्या ओल्या शेंगा निघाल्या की पहिली टोपली तुमच्या माडीवर येईल, आणि चहा त्या दिवशी आमच्याकडे.

तुमचा शेजारचा भाऊजी