इरकल लुगडं आणि भिजवलेली पपई

कुडचडे, गोवा

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे पाऊस धरून आहे. फोन रोजचाच असतो, पण आईचा आवाज ऐकला की हे तोंडाशी येऊन परत फिरतं. म्हणून पत्र लिहिते.

गेल्या आठवड्यात पणजीला गेले होते तेव्हा पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून मुलांची एक कादंबरी आणली. ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’, थान्हा लाय यांची, 2011 सालची. सगळी कादंबरी छोट्या छोट्या कवितांत आहे. दहा वर्षांची व्हिएतनामी मुलगी, तिचं नाव ‘हा’. 1975 च्या एप्रिलमध्ये युद्धात सायगाव शहर पडतं आणि आई, तीन थोरले भाऊ आणि ही बोटीतून निघतात ते शेवटी अमेरिकेत, अलाबामात पोचतात. वडील आरमारात होते, ते कित्येक वर्षं बेपत्ता. परसात हिनं बी टाकून वाढवलेलं पपईचं झाड मागे राहतं. लेखिका स्वतःही त्याच वर्षी, त्याच वयात सायगावहून अलाबामाला गेलेल्या. वाचताना ते जाणवतं.

या मुलीला गावच्या शाळेत अपूर्णांक यायचे. नव्या वर्गात तिला वीसपर्यंत आकडे मोजायला लावतात आणि मोजल्यावर सगळे टाळ्या वाजवतात. ‘ढ’ असणं म्हणजे काय, हे तिला त्या टाळ्यांनी कळतं.

बाबा, त्या पानावर मी पुस्तक मिटलं. यंदा माझ्या वर्गात कर्नाटकातल्या गदगची एक मुलगी आलीय, वडील गवंडीकामावर आहेत. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. परवा तिनं मराठीत एक ते वीस म्हटलं आणि मीच आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वर्गानं. मला वाटलं, केवढं छान केलं आपण. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कडेला धाकट्या भावाला शेजारी बसवून ती काहीतरी घोकत होती. ‘एरडोंदला एरडू’. शब्द कळले नाहीत, पण चाल पाढ्यांचीच. दहापर्यंतचे पाढे तिनं न अडखळता म्हटले, आणि मी तिला वीस आकड्यांसाठी टाळ्या दिल्या होत्या.

मलाही तीसपर्यंत पाढे येत होते. बाबा, तुम्हीच पाठ करून घेतलेले, गडहिंग्लजच्या घराच्या पायरीवर. 1996 ला तुम्ही खनिजाच्या ट्रकवर लागलात, आपण इथे आलो आणि मी पाचवीत बसले. गणित इंग्रजीतून, मैदानावर कोंकणी, आणि मी मागच्या बाकावर. डब्यात भाकरी दिसली की कोणीतरी ‘घाटी’ म्हणायचं. पपईला पोपाय म्हणायला शिकले, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकून उंडे पाव आणायला धावायला शिकले. घरात भाकरी थापल्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायलाही शिकले. आई, तुला उकडायचं, तरी तू ती कधी उघडली नाहीस. कारणही विचारलं नाहीस.

आता खरं सांगते. सहावीत असताना पालकसभेची चिठ्ठी आली होती. तू आदल्या दिवशी हिरवं इरकल धुतलंस, आपल्याकडे इस्त्री नव्हती म्हणून घडी घालून उशीखाली ठेवलंस. सकाळी नेसून तयार झालीस. पदर खोचत ‘मास्तरीणबाईंशी मी काय बोलू गं?’ असं विचारलंस. आणि मी म्हटलं, सभा रद्द झालीय. सभा झाली, आई. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. तू तोंड उघडलंस की आपली बोली ऐकून वर्ग हसेल, याची मला भीती होती. तू लुगडं परत घडी करून ट्रंकेत ठेवलंस आणि पाणी भरायला गेलीस. मला ती घडी अजून दिसते.

कादंबरीत एक जागा आहे. शेजारच्या शिक्षिका मोठ्या प्रेमानं या मुलीला सुकवलेली पपई आणून देतात. साखरेत घोळलेली, चिवट. तिला इतका राग येतो की ती पाकीटच कचऱ्यात टाकते. पहाटे जाग येते तर टेबलावर बशीत त्याच फोडी, गरम पाण्यात भिजवून फुगवलेल्या. साखर विरघळून गेलेली. तिच्या झाडाची चव नाहीच, पण वाईटही नाही. आई, मी तिथे रडले. परक्या गावात तू आमच्यासाठी किती गोष्टी अशा भिजवून मऊ केल्यास! इथल्या उकड्या तांदळाचा भात शिकलीस, शेजारणीकडून माशांचं हुमण शिकलीस. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांपेक्षा तूच शांतपणे सामान बांधलंस.

मला माफ कर. त्या दिवशी तू किती सुंदर दिसत होतीस, ते तेव्हा सांगायला हवं होतं.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. पुढच्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे. त्या मुलीच्या आईला मराठी येत नाही. तिनं चिठ्ठी परत पाठवलीय, कोपऱ्यात अंगठा. तुम्ही बाजारात पलीकडच्या गावच्या लोकांशी कानडी बोलायचात, त्यातलं मला फक्त ‘बर्री, कुंदर्री’ (या, बसा) आठवतं. ‘तुमची मुलगी गणितात हुशार आहे’ हे कसं म्हणायचं? रविवारी फोन करते, हळूहळू सांगा, मी लिहून घेईन.

तुमची,
ताई