ताप उतरला का, ते आधी कळव

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुला ताप येत असल्याचे दादाकडून कळले, तुझ्याकडून नव्हे. त्यावरून गुरुवारी माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. तो विषय पुन्हा काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे. काल मी आणि सुधाकाका नांदूर-मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो आणि तिथला वृत्तांत ऐकायला घरात दुसरे कोणी नाही.

चापडगावच्या मनोऱ्यावर आम्ही उजाडताच पोहोचलो. यंदा पाऊस लांबल्याने पाणी उतरलेले नाही. गाळाची बेटे जेमतेम दिसत होती आणि पाणकणसांच्या कडेने जांभळ्या पाणकोंबड्या तेवढ्या निर्धास्त हिंडत होत्या. थापटे बदके मात्र आली आहेत. त्यांचा एक घोळका चोची पाण्यात बुडवून गोल गोल फिरत होता. पुढच्याच्या पायांनी ढवळलेले पाणी मागच्याने गाळायचे, अशी ती पंगत बराच वेळ चालली होती. पलीकडची लहान तपकिरी बदके काकाने सरसकट माद्या ठरवून टाकली, तेव्हा मी तुझाच धडा म्हणून दाखवला, की भुवई बदकाचे नर या दिवसांत माद्यांसारखेच दिसतात आणि ती पांढरी भुवई उमटायला निम्मा हिवाळा सरावा लागतो. काका गप्प झाला. मला फार बरे वाटले.

पुढे दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी वारकरी पाणपक्ष्यांच्या थव्यावर उतरू लागला आणि सगळे वारकरी क्षणात एकमेकांना खेटून गोळा झाले. सहावीत असताना हेच बघण्यासाठी तू कोणाला डबा उघडू दिला नव्हतास. ऑक्टोबरच्या त्या उन्हात तुझे अंग तापले होते, पण निफाड मागे पडेपर्यंत तू ते सांगितले नाहीस. घरी आल्यावर आजी मला काय बोलली, ते तुला ठाऊक आहेच.

म्हणून विचारतो, रक्त तपासलेस का? तिकडे तमिळनाडूत कोडिक्कराईला आता ईशान्य मोसमी पाऊस सुरू होईल, तुम्ही रात्र रात्र पक्षी धरायच्या जाळ्यांपाशी चिखलात उभे राहणार आणि डासांना तर काळवेळ नसते. डेंग्यू असेल, तर ताप उतरला म्हणजे दुखणे गेले असे मुळीच समजू नकोस; प्लेटलेट्स अनेकदा त्याच सुमारास घसरतात. दवाखान्यात जायला कोणाची परवानगी लागत नाही आणि पक्षी चार दिवस तुझ्यावाचून अडणार नाहीत. हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तुझे काम मला कळत नाही, असे नाही. जानेवारी २०२० मध्ये नांदूर-मधमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला, तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटले होतेस. आता मुलगी पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालते, हे मी दूधवाल्यालासुद्धा ऐकवतो. पण ती कुठे आजारी पडली आहे, हे तिसऱ्याच्या तोंडून कळले की ते सगळे बाजूला राहते.

रिपोर्टचा फोटो दादाला नको, मला पाठव. आईला मी अजून साधी सर्दी एवढेच सांगितले आहे आणि तिच्यापुढे माझे तोंड रविवारपर्यंतही बंद राहील असे वाटत नाही.

तुझा,
बाबा