पेन्सिलीने राखलेला पांढरा

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले खिलार जोडीचे आणि शेळीचे पेन्सिलचित्र मिळाले. नुसते ‘छान’ म्हणून बाजूला ठेवावे असे ते नाही, म्हणून त्यात मला काय दिसले ते सविस्तर लिहितो.

पेन्सिलीने पांढरा रंग देता येत नाही, तो राखावा लागतो. अलीकडच्या बैलाच्या पाठीचा आणि वशिंडाचा वरचा भाग तू कोराच सोडलास, आणि त्यामागे गोठ्याच्या कुडाची करडी छटा भरलीस. त्यामुळे तिथे एकही बाह्यरेषा नसताना पाठीचा सगळा चढउतार डोळ्यांना दिसतो. हे चित्रातले सर्वांत धीराचे काम आहे, कारण पाठ रेषेने बांधून टाकण्याचा मोह तिथेच सर्वाधिक होतो.

शिंगांची गोष्ट याच्या उलट. खिलाराची शिंगे कपाळातून निघून आधी मागे झुकतात आणि मग वर वळतात. ती तू निव्वळ रेषेने काढली आहेस. बुडाशी हाताचा दाब, टोकाकडे जाताना तो सुटत गेलेला, आणि मध्ये कुठेही जोड नाही. अशी रेषा मनगटाने येत नाही, सगळा हात फिरवावा लागतो. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळल्यासारखा दिसतो, तो गुडघा नसून टाच असते आणि खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, हेही तुझ्या लक्षात राहिले आहे. म्हणूनच बैल पायांवर खरोखर भार देऊन उभा वाटतो.

उजव्या कोपऱ्यातली काळी उस्मानाबादी शेळी आकाराने लहान असूनही दोन मोठ्या पांढऱ्या देहांचा तोल एकटी सांभाळते. तिला झाकून पाहिले, तर सारे चित्र डावीकडे कलते. मात्र तिच्या अंगावर ६बी, म्हणजे फार मऊ आणि गडद पेन्सिल, सर्वत्र सारखीच दाबली गेली आहे. काळ्या जनावराच्या पाठीवरही उजेड पडतोच. तेवढी पट्टी फिकी ठेवली असती, तर तिच्या पोटाची गोलाई दिसली असती. शिवाय ग्रॅफाइटचे थर फार चढले की कागद चकाकू लागतो आणि काळेपणा उलट कमी होतो.

दुसरी उणीव पलीकडच्या बैलाची. त्याच्या पायांच्या रेषा अलीकडच्याइतक्याच गडद असल्याने तो मागे न जाता शेजारी येऊन उभा राहतो. तिथे २एच, म्हणजे कठीण आणि फिकी पेन्सिल वापर. १७९५ साली फ्रान्समध्ये काँते यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली. माती जास्त तर शिसे कठीण आणि रेषा फिकी, माती कमी तर शिसे मऊ आणि गडद. जवळचे आणि दूरचे वेगळे करायला हा फरक फार उपयोगी पडतो, आणि तू बहुधा सगळे मऊ, गडद अशा बी गटातच उरकलेस.

दोन्ही बैलांच्या पायांमधून दिसणाऱ्या जमिनीच्या पोकळ्या प्रत्येकी वेगळ्या आकाराच्या आहेत, हे मला फार आवडले. जनावराइतकेच लक्ष तू त्या रिकाम्या जागांकडेही दिले आहेस.

मूळ चित्रावर फिक्सेटिव्हचा (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून लावायच्या द्रावाचा) पातळ हात मारून वर बटर पेपर लाव, नाहीतर शेळीचा काळा घासून बैलाच्या पाठीवर येईल. पुढचे चित्र काढशील तेव्हा पलीकडच्या बैलापासून सुरुवात करून पाहा.

तुझे बाबा