सिकलसेलच्या गोळ्या आरोग्य केंद्रात हव्यात

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेले बाळ जन्मल्यानंतर पहिले काही महिने ठणठणीत असते. गर्भात गॅमा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाचे जनुक चालू असते, त्यातून बनणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. जन्मानंतर हे जनुक हळूहळू बंद होते आणि दोष असलेले बीटा ग्लोबिनचे जनुक जोर धरते. सहा महिन्यांच्या आसपास हातापायांच्या बोटांना सूज येते, बाळ कळवळून रडते.

गॅमाचे जनुक दाबून ठेवणारे मुख्य प्रथिन आहे बीसीएल११ए. त्याची ही भूमिका २००८मध्ये उजेडात आली. २०२३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या जनुकीय उपचारात रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये हे प्रथिन लाल पेशींत बनवणारा डीएनएचा भाग कापतात. गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. फार सुंदर विज्ञान आहे हे! पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे.

गडचिरोली, नंदुरबारच्या रुग्णाला तो उपचार आज परवडणारा नाही. हायड्रॉक्सीयुरिया मात्र जुने, स्वस्त औषध आहे आणि तेही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. मात्र ते रोज, तेही रक्ततपासणी करत घ्यावे लागते. गोळ्यांसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालायला लावले, की औषध सुटते आणि दुखणे उलटते. ही गोळी आणि रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळावी, याची तरतूद आरोग्य विभागाने येत्या अर्थसंकल्पातच करावी.

– एक वाचक, चंद्रपूर