भुसावळ–फैजपूर रस्ता म्हणजे गाडीचा ‘गैरवापर’ नव्हे

दि. १४ जुलै २०२५
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय: वॉरंटीत असलेल्या स्पोर्ट्स कारच्या नोज लिफ्टचा (गाडीचं नाक वर उचलणाऱ्या यंत्रणेचा) खर्च ‘अयोग्य वापर’ म्हणून माझ्याकडून वसूल केल्याबद्दल आणि गाडी ५२ दिवस वर्कशॉपमध्ये पाडून ठेवल्याबद्दल तक्रार.

महोदय / महोदया,

२०२३ च्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबर रोजी, तुमच्या मुंबईच्या शोरूममधून मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. इन्व्हॉइसवर पत्ता सावद्याचा आहे. नंबर एमएच १९, म्हणजे जळगाव पासिंग. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला लागणारा १३ टक्के रस्ता कर भरला, त्याची कागदपत्रं तुमच्याच माणसाने केली. म्हणजे ही गाडी कोणत्या रस्त्यांवर चालणार, हे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण वाद इथेच आहे.

९ जून रोजी तुमच्या वर्कशॉपने मला जो रिपोर्ट पाठवला, त्यात दोन ओळी आहेत: “बाह्य आघात व अयोग्य वापर. रस्त्याच्या स्थितीमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.” या दोन ओळींवर तुम्ही माझ्याकडून ४,१८,००० रुपये घेतले. पैसे भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणालात, म्हणून बिलावर ‘निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ असं लिहून मी पैसे भरले. ती सही केलेली प्रत तुमच्याकडे आहे.

आमची केळीची शेती आहे, शिवाय केळी पिकवायचे चेंबर आहेत. ही गाडी मी मिरवायला घेतलेली नाही. ती चालवायला मला मनापासून आवडतं आणि त्यासाठी मी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले होते. रविवारी पहाटे पाचला, केळीचे ट्रक रस्त्यावर यायच्या आत निघायचं, भुसावळ गाठायचं आणि मुक्ताईनगरकडच्या चौपदरी रस्त्याला लागायचं. काच दोन बोटं खाली. डाव्या हाताला उजाडत असतं, बागांना रात्री पाणी दिलेलं असेल तर ओल्या मातीचा वास आत येतो, आणि पाठीमागे इंजिनाचा आवाज चढत जातो. मग घरी परत. एवढ्यावर माझा आठवडा निघतो. समृद्धीवरही दोनदा गेलो, तिथली १२० ची मर्यादा पाळूनच. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं, तुम्ही बघितलंच असेल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पंचाहत्तरीचे आहेत. पहिल्या दिवशी दोन्ही हात धरून त्यांना सीटवर बसवलं, तेव्हा म्हणाले, “जमिनीले टेकली का रे गाडी?” पण उतरायचं नाव घेईनात. गावातली पोरं शाळा सुटली की गेटपाशी येऊन उभी राहतात. मी कुणालाही हाकलत नाही, एकेकाला स्टेअरिंगवर बसवतो. या गाडीने घरात काय आनंद आणला, ते तुमच्या जॉब कार्डावर कुठे लिहायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

आता मुद्द्याचं. गाडीच्या पोटाखाली जेमतेम ११ सेंटीमीटर जागा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. तसा असेल तर गाडीचं नाक हळूहळू वर चढतं. आमच्याकडे बऱ्याच गावांत तो हातभर रुंदीचा आणि खडा असतो. चाक चढायच्या आधी चाकापुढे आलेला बंपरचा खालचा ओठ त्यावर आपटतो. हे मी गाडी बुक करतानाच विचारलं होतं. तुमच्या सेल्सवाल्याने नोज लिफ्टचं बटण दाबून दाखवलं. पुढच्या सस्पेन्शनवर हायड्रॉलिक सिलिंडर असतात, पंप त्यांत तेल भरतो आणि नाक चार सेंटीमीटर वर उचललं जातं. “साहेब, जीपीएसवर ब्रेकर लक्षात राहतो, दुसऱ्या वेळी आपोआप उचलते. तुमच्या रस्त्यांसाठीच आहे हे,” हे त्याचे शब्द. या सोयीचे मी वेगळे पैसे मोजले. घरी आल्यावर एका दुपारी मुलाला शेजारी बसवून सावदा ते भुसावळ एकेक ब्रेकर गाडीत भरला. तरीही मी प्रत्येक ब्रेकरवर गाडी तिरकी घेतो, एकेक चाक चढवतो आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत असला तरी घाई करत नाही.

२७ एप्रिलला शेडमध्ये पुढच्या उजव्या चाकाच्या आत, कोब्यावर, तळहाताएवढा तेलकट डाग दिसला. रंगाने इंजिन ऑइल नव्हतं. मी पुठ्ठा अंथरला, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरही डाग. २८ एप्रिलला फोटोसह ई-मेल केला आणि गाडी चालवावी की नाही, हे विचारलं. उत्तर आलं, “तुमची विनंती नोंदवली आहे.” चालवू नका, असं कोणी म्हणालं नाही.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खानदेशात आखाजी म्हणजे काय, हे तुमच्या मुंबईच्या माणसांना कदाचित माहीत नसेल. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो. माझी ताई नाशिकहून भुसावळला उतरणार होती आणि तिने आठ दिवस आधीच सांगितलं होतं, घ्यायला त्याच गाडीने ये. तिची एकच बॅग पुढच्या डिकीत बसली. स्टेशनातून निघालो तेव्हा डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ४४ होतं.

तापीचा पूल ओलांडला आणि दुसऱ्याच ब्रेकरला लिफ्टचा दिवा लुकलुकला. नाक अर्धं वर आलं आणि तिथून खाली बसलं. पुन्हा बटण दाबलं, पंपाचा आवाज आला, पण नाक जागचं हललं नाही. खाली वाकून पाहिलं तर चाकाच्या आतून तेलाची धार लागलेली. पुढे ब्रेकर, मागे गाड्यांची रांग.

हेल्पलाइनला फोन लावला. गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचेल, तोवर गाडी हलवू नका, असं सांगण्यात आलं. डांबर वितळणाऱ्या उन्हात, भररस्त्यात, बहिणीला घेऊन मी दुसऱ्या दिवसापर्यंत कसा थांबणार होतो? हे मी फोनवरही विचारलं, रेकॉर्डिंग ऐका.

बाजूच्या बागेत काही पोरं ट्रकमध्ये केळीचे घड भरत होती. त्यातला एक पळत आला. “भाऊ, थांबा, फळ्या आनतो,” म्हणाला. दोन्ही चाकांपुढे दोन-दोन लांब फळ्या, खाली गोणपाटाच्या घड्या, असा उतार त्यांनी ब्रेकरच्या अलीकडे-पलीकडे केला. ताई उतरून पदर डोक्यावर घेऊन निंबाखाली उभी राहिली. मी पावलाच्या चालीने गाडी काढली. ओठ टेकला नाही. मग ती पोरं मोटारसायकलवर फळ्या आडव्या धरून प्रत्येक ब्रेकरला माझ्यापुढे जाऊन थांबली. घरापर्यंत असे सहा ब्रेकर झाले. पैसे देऊ केले तर एकाने फक्त आत डोकावून बघायला मागितलं. अडीचला निघालेलो आम्ही पाचला रसाच्या ताटावर बसलो आणि ताईच्या डोळ्यांत पाणी होतं.

तुमचा फ्लॅटबेड दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गाडी वर चढवायच्या उताराला लावायला फळ्या त्याच्याकडेही नव्हत्या, त्याच पोरांना पुन्हा बोलवावं लागलं.

आता रिपोर्टातला ‘बाह्य आघात’ पाहू. रिपोर्टासोबत तुम्ही गाडीखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर असलेल्या ओरखड्यांचे फोटो जोडले आहेत. ओरखडे आहेत, मी नाकारत नाही. ते पहिल्या वर्षीच्या सर्व्हिसच्या जॉब कार्डावरही तुमच्याच सल्लागाराने नोंदवलेले आहेत. पण गळका सिलिंडर त्या आवरणात नाही, तो चाकाच्या कमानीत, स्प्रिंगच्या वर बसवलेला आहे. गाडी खालून घासली तर आधी ओठ, मग आवरण फुटेल. दोन्ही शाबूत आहेत. खालच्या ओरखड्याने वरचं सील कसं फाटलं, हे रिपोर्टात एका शब्दानेही सांगितलेलं नाही. तेल तर आखाजीच्या तीन दिवस आधी, शेडमध्ये गाडी उभी असताना गळत होतं आणि त्याचा फोटो तुमच्या ई-मेलमध्ये पडून आहे. वर्कशॉपमधल्या तुमच्याच एका तंत्रज्ञाने मला तोंडी सांगितलं की दाब कमी झाल्याचा दोष कॉम्प्युटरमध्ये आधीपासून नोंदलेला होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्या मुलाची नोकरी जायला नको. ती नोंद मात्र मला तारीख आणि किलोमीटरसह हवी आहे.

‘रस्त्याची स्थिती’ या शब्दांचा मला सर्वांत जास्त राग आला. भुसावळ–फैजपूर हा रोज एसटी, रुग्णवाहिका आणि शाळेच्या गाड्या जातात असा रस्ता आहे. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत शर्यत आणि रस्ता सोडून चालवणं, या दोनच गोष्टी गैरवापर म्हणून लिहिल्या आहेत. सरकारी डांबरी रस्त्यावर, ब्रेकरसाठीच बनवलेलं यंत्र ब्रेकरवर वापरणं यातल्या कशातच बसत नाही. जळगाव जिल्ह्यातले रस्ते चालत नसतील तर जळगाव जिल्ह्यात गाडी विकताना ते सांगायला हवं होतं.

२ मे ते २३ जून गाडी तुमच्याकडे होती. या काळात ती शेडबाहेर, जूनच्या पावसात, कव्हरशिवाय उभी होती. कव्हर मी सोबत पाठवलं होतं, ते घडी घातलेलंच डिकीत मिळालं. अशा गाडीत अलार्म आणि सेन्सर सतत थोडा करंट ओढतात, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी उतरते. आमच्याकडे शेतीच्या फीडरची लाइट आठवड्यागणिक वेळ बदलते, तरी मी बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर इन्व्हर्टरवर लावून दीड वर्षात बॅटरी एकदाही उतरू दिली नाही. तुमच्याकडे अखंड वीज असून बॅटरी मेली आणि नव्या बॅटरीची किंमत माझ्याच बिलात लागली. मीटर ६१ किलोमीटरने पुढे गेलेलं आहे. चाचणीसाठी एवढं कशाला लागलं, ते जॉब कार्डावर नाही.

एक गोष्ट जाता जाता. गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरसाठी फक्त फेसाचा डबा आणि छोटा पंप आहे. टायरची बाजू फुगली तर त्याचा काही उपयोग नाही. गेल्या वर्षी टायर यायला २६ दिवस लागले. ते मी सोसलं, कारण तो खड्ड्याचा दोष होता आणि तुमचा नव्हता. जिथे चूक तुमची नव्हती, तिथे मी आजवर कधी भांडलो नाही, हे तुमच्या रेकॉर्डवरून दिसेल.

माझं म्हणणं असं आहे. लिफ्टचं काम वॉरंटीत धरून आणि बॅटरीसह ४,१८,००० रुपये परत करा. ५२ दिवस वॉरंटीच्या मुदतीत वाढवून तसं लेखी द्या. दोषाची नोंद, काढलेल्या भागाचे फोटो आणि तो जुना सिलिंडर मला पाठवा. मी बिल भरलं आहे, त्यामुळे तो माझा आहे, आणि स्वतंत्र अभियंत्याकडून मी तो तपासून घेणार आहे. शिवाय या भागासाठी नाशिक किंवा संभाजीनगरला निदान महिन्यातून एक दिवस तुमचा प्रशिक्षित माणूस बसवा. चारशे किलोमीटरवर मुंबईला गाडी नेण्यासाठी दर वेळी फ्लॅटबेड लागत असेल, तर धुळे-जळगाव-नंदुरबारच्या ग्राहकाने गाडी घ्यायची कशी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार मी राहतो तिथल्या अधिकारक्षेत्रात करता येते. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या वर आणि दोन कोटींच्या आत असल्याने प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल. दोन वर्षांची मुदत असते आणि माझ्याकडे ती भरपूर शिल्लक आहे. तरी मला आयोगाच्या तारखा नकोत, चालणारी गाडी हवी आहे. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

२८ एप्रिलच्या ई-मेलची प्रत, डाग पडलेल्या पुठ्ठ्याचा फोटो, पहिल्या सर्व्हिसचं जॉब कार्ड आणि निषेध नोंदवलेलं बिल सोबत जोडलं आहे. पुठ्ठा मी जपून ठेवला आहे. तुमचा माणूस सावद्याला आला तर शेडमधला डागही दाखवीन, कोब्यावरून तो अजून गेलेला नाही.

आपला ग्राहक,
(सही)
सावदा